वाढीव बांधकाम

मंडळाचं पत्र आलं ते बाबांच्या नावाने.
‘श्री. केरबा शिवराम तावडे, गाळाधारक.’
त्यांना जाऊन सात वर्षं झाली,
तरी आईने लिफाफा आधी फोटोसमोर धरला,
मग माझ्यापुढे.
‘वाच. हळू वाच, मला कळेल असं.’

सरकारी मराठी हळू वाचली तरी कळत नाही.
एवढं उलगडलं:
बेचाळीस वर्षं राहतोय ते घर
आता आम्हांला विकत मिळू शकतं.
किंमत खाली, अंकी आणि अक्षरी.
मुदत साठ दिवस.

भाड्याच्या पावत्या आईने ठेवल्यात
बाबांच्या छातीच्या एक्स-रेच्या पाकिटात.
पावती काढायला गेलं की
आधी फासळ्या हाताला येतात.

मी पाणीपट्टीच्या खिडकीमागे बसते,
नौपाड्यात. दिवसभर लोकांना थकबाकी सांगते.
पैसे आहेत माझ्याकडे.
लग्न न केल्याचे, असं आत्या म्हणते.

मुकुंदला घणसोलीत फोन केला.
त्याचे हप्ते अजून अकरा वर्षं आहेत.
‘तू घे गं, मी लागेल तिथे सही देतो.’
मग मागे कुकरची शिट्टी, वहिनीचा आवाज,
आणि तो परत:
‘नाव मात्र दोघांचं लावू, काय?’

आईने फोन ठेवू दिला. म्हणाली,
‘भाड्याच्या घरात तुम्ही भांडलात
खिडकीशी कोणी झोपायचं म्हणून.
मालकीच्या घरात कशावरून भांडाल
ते मला बघायचं नाही.’

समोरची इमारत पाडली तिथे आता तेवीस मजले,
खाली कारंजं.
पिल्लेकाकू अठराव्यावरून फोन करते आईला:
वारा खूप आहे गं इकडे,
माणूस नाही.
आई म्हणते, मग खाली ये.
काकू म्हणते, लिफ्टमध्ये कार्ड लागतं, ते सुनेकडे असतं.

पंचविसाव्या दिवशी मोजणीवाला आला,
मिशीही न फुटलेला. टेप नव्हती त्याच्याकडे,
एक लाल ठिपका होता.
तो ठिपका कपाटावरून, देवांवरून,
आईच्या पदरावरून फिरला.
‘एकशे ऐंशी चौरस फूट,’ तो म्हणाला,
‘अधिक पंचेचाळीस अनधिकृत.’

अनधिकृत म्हणजे गॅलरी.
कंपनीच्या भंगारातले पत्रे, सायकलच्या कॅरिअरवर
पोखरण रोडवरून आणलेले,
तीन रविवार, उसना ड्रिल.
तिथे मी दहावी केली.
तिथे रात्रपाळी करून आलेले बाबा
भर उन्हात, डोळ्यांवर पंचा घेऊन झोपायचे,
आणि शेवटच्या वर्षी तिथेच
खुर्ची टाकून खोकायचे, आत आवाज नको म्हणून.

अट क्रमांक सात:
वाढीव बांधकाम स्वखर्चाने काढल्याशिवाय
मालकी हक्काचा विचार होणार नाही.

आईने चहा दिला त्याला. तो गेल्यावर म्हणाली,
‘म्हणजे त्यांचं आहे ते आपण घ्यायचं,
आपलं आहे ते पाडायचं.’
आणि भाजी निवडायला बसली.

मी हिशेब केला, तीनदा केला.
घेतलं तर काय, नाही घेतलं तर काय.
आईनंतर पावती कोणाच्या नावाने फाटेल.
बेरीज दर वेळी वेगळी,
मी, जिच्या काउंटरला पैशाचाही फरक येत नाही.

सत्तावन्नाव्या दिवशी, रविवारी,
मुकुंद पाने घेऊन आला.
घ्यायचं असं कोणी म्हणालं नव्हतं.
नुसतं बघू, निघतंय का,
म्हणून एका पत्र्याला हात लावला.

निघालं. तेल न घालता निघालं.
आई आमटीच्या वाटीत बोल्ट झेलत होती,
शेवटी ओट्यावर ओतून मोजले.
‘बारा होते. तेव्हा मीच एकेक देत होते त्यांच्या हातात.
हे अकरा आहेत.
बारावा सापडल्याशिवाय सही नको.’

मुकुंद गुडघ्यांवर बसून
पन्हळीत बोटं फिरवतोय,
खाली रस्त्यावर पडला का बघून येतो म्हणतोय.
मीही वाकलेय त्याच्या शेजारी,
शोधतेय,
एकाच हाताने.